शिकाऊ डॉक्टर आणि साथीचे दिवस

कामं उरकली का? ज्यांच्या भाकरी अजून व्हायच्यात त्यांनी रेडिओ चुलीपाशी न्या, पण आज जरा कान देऊन ऐका. आजचा विषय आम्ही शोधलेला नाही, तो तुमच्याच एका गटाच्या बैठकीतून आलाय.

झालं असं. मेडिकल कॉलेजची पहिल्या वर्षाची मुलंमुली सध्या आपल्याकडच्या काही गावांत येताहेत. अंगात पांढरा कोट, हातात फॉर्म, सोबत एखादे सर किंवा मॅडम. घरी येतात, किती माणसं, पाणी कुठलं, कुणाला शुगर आहे का, असं विचारतात. बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाल्यावर यावरूनच विषय निघाला. एक ताई म्हणाल्या, "आपण काय प्रयोगाला आहोत का? त्यांनी शहरात शिकावं आणि पूर्ण डॉक्टर होऊन यावं की." त्यावर दुसऱ्या ताई, ज्या एरवी बैठकीत फारसं बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "कोरोनात आमच्या आत्याबाईंजवळ शेवटाला कोण होतं? आम्हाला आत सोडत नव्हते. एक शिकाऊ पोरगीच होती."

सगळ्या गप्प झाल्या. मग आमच्या सचिव ताईंनी विचारलं, "पण असं वागायला त्या पोरीला शिकवलं कुणी? त्याचं पुस्तक असतं का?"

आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मग आम्ही चार ठिकाणी विचारलं. साथीत ड्युटी केलेल्या दोन डॉक्टर मुलींशी बोललो, शिकवणाऱ्या एका मॅडमशी बोललो, थोडं वाचलं. त्यातून जे समजलं ते आज सांगतो. आत्याबाईंची गोष्टही सांगणार आहोत, त्या ताईंच्या परवानगीनं, नाव न घेता.

आधी कोण कोण असतं ते समजून घेऊ, कारण सरकारी दवाखान्यात गेलं की सगळे पांढरे कोट आपल्याला सारखेच दिसतात. एमबीबीएसचं शिक्षण साडेचार वर्षांचं. या काळात तो विद्यार्थी. त्यानं पेशंट बघायचा तो शिकण्यासाठी, शिक्षकांच्या नजरेखाली. त्याला स्वतःहून औषध लिहून द्यायचा अधिकार नाही. साडेचार वर्षांनंतर एक वर्ष इंटर्नशिप. हा इंटर्न म्हणजे परीक्षा पास झालेला, तात्पुरती नोंदणी मिळालेला, पण अजून मोठ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करणारा. एक वर्ष सगळ्या विभागांतून फिरला की तो पूर्ण डॉक्टर. त्यापुढे एखादा विषय घेऊन शिकणारे ते निवासी डॉक्टर, ज्यांना आपण रेसिडेंट म्हणतो. रात्री दोन वाजता वॉर्डात जे सापडतात ते बहुतेक वेळा इंटर्न नाहीतर रेसिडेंट. आपल्या गावात फॉर्म घेऊन येणारी मुलं या सगळ्यांत खालच्या पायरीवरची.

आता तो शब्द. इंग्रजीत याला म्हणतात प्रोफेशनॅलिझम. आपल्याकडे 'तो लई प्रोफेशनल आहे' असं म्हटलं की अर्थ होतो, पैशाशिवाय बोलत नाही. डॉक्टरीच्या शिक्षणात मात्र या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. पेशंटचं हित आपल्या सोयीच्या आधी ठेवणं, खरं बोलणं, पेशंटची गोष्ट बाहेर न सांगणं, जे येत नाही ते येत नाही म्हणून कबूल करणं, गरीब-श्रीमंत, जातपात न बघता सारखं वागवणं, आणि आपलं शिक्षण कायम चालू ठेवणं. याला डॉक्टरकीची निष्ठा म्हणू या.

गटातल्या बायकांना हे काही नवीन नाही. आपली कोषाध्यक्ष पैसे सगळ्यांसमोर मोठ्यानं मोजते. कुणी कर्ज कशासाठी घेतलं ते नळावर जाऊन सांगत नाही. हिशेबात चूक निघाली तर पुढच्या बैठकीत स्वतः उभी राहून सांगते. हे तिला कुणी पहिल्या दिवशी शिकवलं नव्हतं. पंचसूत्री पाठ करायला एक दुपार पुरते. पण नणंदेनं एकटीला गाठून विचारलं, "अमकीनं किती उचलले गं?" तेव्हा तोंड बंद ठेवायला ती कशी शिकली, ते आठवून बघा. डॉक्टरचंही तसंच आहे असं त्या मॅडम म्हणाल्या. नियम वर्गात सांगता येतात. प्रसंग आल्याशिवाय ते अंगात उतरत नाहीत.

पूर्वी तर वर्गातसुद्धा सांगत नसत. मोठे डॉक्टर कसे वागतात ते बघून मुलं शिकायची. मोठे चांगले असले तर चांगलं, तुसडे असले तर तुसडं. वॉर्डात 'ए म्हातारे, सरळ बस' असं म्हणणारा डॉक्टर तुम्ही पाहिला असेल. तो तसं बोलायला कुणाला तरी बघूनच शिकलेला असतो. 2019 साली देशातला एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि वागणूक, नीती आणि संवाद हा भाग पहिल्या वर्षापासून अभ्यासात घातला. त्यातले पहिले पाठ काय आहेत ऐका. डॉक्टर असणं म्हणजे काय? पेशंट असणं म्हणजे काय? आणि एक पाठ आहे, मृतदेह हा आपला पहिला गुरू. शरीररचना शिकायला जो देह समोर असतो तो कुणाची तरी आई, कुणाचा तरी बाप होता, त्याला मान द्यायचा, त्याची थट्टा करायची नाही, हे पहिल्या वर्षातच सांगतात. आम्हाला हे ऐकून बरं वाटलं. देहदानाचा फॉर्म भरलेल्या एक आजी आपल्या श्रोत्यांत आहेत, त्यांनाही बरं वाटेल.

पण या नव्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या तुकडीचं नशीब बघा. 2019 च्या पावसाळ्यात ती मुलं कॉलेजात आली. 9 मार्च 2020 ला पुण्यात आपल्या राज्यातले पहिले कोरोनाचे पेशंट सापडले आणि महिना संपायच्या आत सगळा देश बंद. वसतिगृहं रिकामी झाली. ज्यांनी पेशंट असणं म्हणजे काय हे शिकायचं, ती मुलं घरी बसून मोबाइलवर हृदयाची चित्रं बघत होती. आपल्याच भागातली एक मुलगी रेंजसाठी पाण्याच्या टाकीवर चढून तास ऐकायची. पेशंटच्या हाताची नाडी मोबाइलवर कशी लागणार, हा तिचा प्रश्न अगदी बरोबर होता.

तिनं आम्हाला आणखी एक गोष्ट सांगितली. ती गावात आली म्हणजे गावाला डॉक्टरच मिळाली! शेजारची काकू विचारते, घसा दुखतोय, काय घेऊ. चुलते विचारतात, मोबाइलवर औषधांची यादी आलीय, आणून ठेवू का. ती तेव्हा पहिल्या वर्षात, औषधांचा विषय तिला शिकायचाच होता. पण नाही म्हटलं तर घरचे म्हणणार, एवढा खर्च करून शिकवतोय आणि साधं औषध सांगता येईना. ती म्हणाली, "पहिले दोन-तीन दिवस मी सांगितलं काहीबाही. वाफ घ्या, गोळी घ्या. मग रात्री झोप लागेना. चौथ्या दिवसापासून सांगायला लागले, काकू, मला हे अजून येत नाही, आपण आशाताईंना विचारू." चुलत्यांनी तोंड वाकडं केलं. पण त्या यादीत स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटला ज्या गोळीनं जीव वाचतो, तीच गोळी साध्या सर्दीतापात घेतली तर फायदा नाही, उलट शुगर वाढून घात होऊ शकतो, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. तेव्हा गावोगाव अशा याद्या फिरत होत्या. त्या मुलीचं डॉक्टरकीचं शिक्षण तिच्या मते त्या चौथ्या दिवशी सुरू झालं.

आता मोठा प्रश्न. साथ आली तेव्हा विद्यार्थ्यांनी दवाखान्यात जायचं की घरी बसायचं?

जगात याची दोन टोकांची उत्तरं दिली गेली. अमेरिकेत तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनं मार्च 2020 मध्ये सांगितलं की विद्यार्थ्यांना तूर्त पेशंटपासून लांब ठेवा. कारणं साधी होती. पीपीई किट अपुरे, ते कामाच्या माणसांना पुरेनात. विद्यार्थी आजारी पडला तर एक खाट त्यालाच लागणार. शिकवणारे स्वतः धावपळीत, लक्ष कोण ठेवणार? त्याच महिन्यात इटलीनं उलट केलं. तिथं माणसं इतकी मरत होती की सरकारनं शिक्षण पूर्ण झालेल्यांची शेवटची सरकारी परीक्षा माफ करून सुमारे 10,000 नवे डॉक्टर लगेच कामाला मोकळे केले.

आपल्याकडे इंटर्न पहिल्यापासून कामावर होते, कारण त्यांच्याशिवाय सरकारी दवाखाना चालतच नाही. त्याखालची मुलं घरी. मग 2021 चा एप्रिल आला. तो महिना कुणाला आठवण करून द्यायची गरज नाही. 3 मे 2021 ला केंद्र सरकारनं जाहीर केलं की इंटर्ननी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविडचं काम करायचं, आणि एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांनी फोनवरून सल्ला द्यायचा व सौम्य आजाराच्या पेशंटवर लक्ष ठेवायचं, तेही प्राध्यापकांच्या देखरेखीखालीच. कोविडचं काम 100 दिवस केलेल्यांना सरकारी भरतीत प्राधान्य देऊ असंही सांगितलं.

कुणाचं बरोबर? आम्हाला विचाराल तर दोन्ही बाजूंना काहीतरी खरं होतं. जो विद्यार्थी म्हणाला मला जायचंय, तो शूर होता. ज्यानं विचारलं की मला पीपीई कसा घालायचा ते कुणी शिकवलंय का, माझ्यावर कोण लक्ष ठेवणार, माझ्या घरी म्हातारी आजी आहे, तो भित्रा नव्हता. आपण विहिरीत पडलेल्याला काढायला पोहता न येणाऱ्याला उडी मारू देत नाही.

विद्यार्थ्यांना साथीत कामाला लावायची ही काही पहिली वेळ नव्हती. एक जुनी गोष्ट आहे, ती आम्ही वाचली आणि दोन दिवस आमच्या डोक्यातून जाईना.

1952 साल. युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे, त्याची राजधानी कोपनहेगन. तिथं पोलिओची भयंकर साथ आली. पोलिओ म्हटलं की आपल्याला लंगडणारा पाय आठवतो, पण हा आजार छातीच्या आणि गळ्याच्या स्नायूंतही उतरतो. मग माणूस शुद्धीवर असतो, पण श्वास घेता येत नाही. लहान मुलंच जास्त. साथीच्या रोगांच्या मोठ्या दवाखान्यात रोज अशी मुलं यायला लागली, आणि श्वास देणारी मोठी लोखंडी पेटी, जिच्यात अख्खं शरीर ठेवायचं, ती होती एकच. सोबत छातीवर बसवायची सहा लहान यंत्रं. सुरुवातीच्या 31 पेशंटांपैकी 27 जण गेले.

तिथं ब्यॉर्न इब्सेन नावाचे भूल देणारे डॉक्टर होते. 27 ऑगस्टला त्यांनी 12 वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला पाडलेल्या छिद्रातून नळी घातली, नळीला रबरी पिशवी जोडली आणि ती हातानं दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. उपाय सापडला, पण पिशवी दाबायला माणूस पाहिजे. दिवसरात्र, एक मिनिटही न थांबता, कितीतरी आठवडे. आणि एका वेळी सत्तरएक पेशंट.

मग त्यांनी मेडिकल कॉलेजची मुलंमुली बोलावली. पाळ्या लावल्या. एका पेशंटच्या उशाशी एक विद्यार्थी, कित्येक तास पिशवी दाबत बसलेला. दाब, सोड, दाब, सोड. पाळी संपली की दुसरा हात पिशवीवर येईपर्यंत पहिल्यानं हात काढायचा नाही. सगळी साथ मिळून सुमारे 1,500 विद्यार्थ्यांनी हे केलं आणि त्यांचे तास मोजले तर 1,65,000 भरले. आधी अशा पेशंटांत 100 पैकी 80 हून जास्त मरत होते, ते प्रमाण 25 च्या आसपास आलं. आज आयसीयू म्हणून जो विभाग असतो, त्याची सुरुवात तिथं झाली असं मानतात.

त्या विद्यार्थ्यांना औषधं ठरवायची नव्हती, ऑपरेशन करायचं नव्हतं. एकच काम, पण ते चोख. ते कसं करायचं हे आधी शिकवलेलं होतं, आणि वर विचारायला मोठे डॉक्टर होते. समोरचं मूल टक लावून बघतंय, त्याला बोलता येत नाही, आणि त्याचा श्वास आपल्या मुठीत आहे. काही मुलं तरीही गेली, आणि तेव्हाही उशाशी बसलेला विद्यार्थीच होता. विशी-बाविशीची पोरं ती. आमच्यातल्या एकीनं हे वाचून विचारलं, "पाळी संपल्यावर त्या पोरांना कुणी चहा तरी विचारला असेल का?"

आता आपल्याकडे येऊ, आत्याबाईंच्या गोष्टीकडे.

2021 च्या एप्रिलात त्यांना दवाखान्यात नेलं. वय सत्तरच्या पुढं, ऑक्सिजन कमी. आत एकट्या गेल्या. बाहेर झाडाखाली मुलगा आणि सून, म्हणजे आपल्या ताई. दुसऱ्या दिवसापासून घरीच थांबायला सांगितलं, रोज सकाळी फोन येईल म्हणाले. फोन यायचा तो एका इंटर्न मुलीचा. तिच्याकडे वॉर्डातल्या सगळ्या पेशंटच्या घरी फोन करायचं काम होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला, "मावशी, आजी ठीक आहेत, कालसारख्याच आहेत." ताईंनी देवापुढं साखर ठेवली. दीड तासानं पुन्हा त्याच नंबरवरून फोन. ती मुलगी म्हणाली, "मावशी, मघाशी मी चुकीचं सांगितलं. मी रात्रीच्या वहीत बघून बोलले, आजींना जाऊन बघितलं नव्हतं. आता बघून आले. त्यांना पहाटेपासून जास्त त्रास होतोय, वरच्या वॉर्डात हलवलंय. माझी चूक झाली."

ताई म्हणतात, त्या वेळी त्या तिला वाट्टेल ते बोलल्या. मुलीनं ऐकून घेतलं. फोन ठेवला नाही. मग म्हणाली, "तुमचं बोलून झालं की सांगा, मी आजींच्या कानाशी फोन धरते." तिची ड्युटी खरं तर खालच्या वॉर्डात. तिनं वरच्या डॉक्टरांची परवानगी काढली, वर गेली आणि फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आत्याबाईंच्या कानाशी धरला. ताई आणि त्यांचे मालक बोलले. पलीकडून मशीनचाच आवाज येत होता. मध्येच मुलगी म्हणाली, "आजी मान हलवताहेत."

दुसऱ्या दिवशी आत्याबाई गेल्या. तो फोनही तिनंच केला. 'एक्स्पायर' वगैरे शब्द वापरला नाही. म्हणाली, "मावशी, तुम्ही एकट्या आहात की जवळ कुणी आहे?" ताई म्हणाल्या, मालक आहेत. मग सांगितलं, "आजी पहाटे वारल्या. मी तिथं होते."

आमच्या ओळखीच्या ज्या दोन डॉक्टर मुलींशी आम्ही बोललो, त्यांना ही गोष्ट सांगितली. त्यातली एक बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "पहिला फोन मीपण केलाय असा. वहीत बघून. पन्नास फोन करायचे असतात, अंगात किट, घाम डोळ्यांत, पाणी प्यायचं नाही कारण किट काढता येत नाही. दुसरा फोन मात्र मी केला नव्हता." हे तिनं रेडिओवर सांगू दिलं याबद्दल आम्ही तिचे आभारी आहोत.

त्या मॅडम म्हणतात, शिकायचं ते याच जागी. चूक होणारच, शिकणाऱ्याची तर जास्त होणार. ती झाकली तर कुणाला कळणार नाही अशी वेळ येते, तेव्हा विद्यार्थी काय करतो ते बघायचं. आणि त्याहून महत्त्वाचं, त्यानं चूक येऊन सांगितली तर वरचे डॉक्टर काय करतात ते बघायचं. चारचौघांत अपमान केला तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल. त्यांच्या कॉलेजात साथीनंतर दर आठवड्याला मुलांना गोल बसवून विचारत असत, या आठवड्यात काय चुकलं, कशाची भीती वाटली, काय बघवलं नाही. पहिले काही आठवडे कुणी बोलेना. मग एकानं सांगितलं की त्याला रोज अंघोळीच्या वेळी रडू येतं. त्यानंतर सगळे बोलायला लागले. आमच्या गटात पहिल्या वर्षी काय होत होतं ते आठवलं!

एका गोष्टीवर आमच्यात मतभेद झाला, तोही सांगून टाकतो. साथीत इंटर्ननी मानधन वाढवा, विलगीकरणाची सोय करा, विमा द्या म्हणून मागण्या केल्या, काही ठिकाणी काम बंदची भाषा झाली. आमच्यातली एक म्हणाली, पेशंट तळमळत असताना पैशाची गोष्ट कशी काढवते? दुसरी म्हणाली, 2021 च्या जूनमध्ये आपल्या राज्यातल्या आशाताईंनी संप केला तेव्हा आपण त्यांच्या बाजूनं होतो की नाही? मास्क हातात पडत नव्हते, दारोदार फिरून ऑक्सिमीटर लावायचा, वरून गावाचे टोमणे ऐकायचे. त्यांनी मागितलं ते बरोबर आणि या पोरांनी मागितलं ते चूक, असं कसं? यावर आम्ही शेवटी इतक्यावर आलो, की वॉर्ड उघडा टाकून जाणं चूक आणि मागणं चूक नाही. सगळ्यांना हे पटलंय असं नाही.

मारहाणीचंही तसंच. साथीत डॉक्टर-नर्सवर, आशांवर हात उचलले गेले. एप्रिल 2020 मध्ये जुना 1897 चा साथरोग कायदा दुरुस्त करून अशा हल्ल्याला तीन महिने ते पाच वर्षं कैद आणि 50,000 ते 2 लाख रुपये दंड ठेवला, जबर दुखापत केली तर त्याहून जास्त. कायदा आला ते ठीक. पण आपल्या ताई त्या दिवशी फोनवर ओरडल्या आणि पलीकडची मुलगी ऐकत राहिली, तिथं भांडण पुढं गेलं नाही, याचं कारण कायदा नव्हता.

आता पुन्हा त्या फॉर्मवाल्या मुलांकडे येऊ. ही मुलं का येतात? 2022 पासून मेडिकल कॉलेजच्या शिक्षणात कुटुंब दत्तक घ्यायचा कार्यक्रम आलाय. पहिल्या वर्षापासून प्रत्येक विद्यार्थ्याला गावातली काही कुटुंबं दिली जातात आणि पुढची वर्षं तो त्यांच्याकडे येत राहतो. वर्ध्याजवळ सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज 1969 साली डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केलं, तिथं ही पद्धत फार आधीपासून आहे. मुलं गावात पंधरा दिवस मुक्काम करतात, घरं वाटून घेतात आणि नंतर तिथं जात राहतात. साथीत शहरातल्या वॉर्डात बसून मुलांना ज्या गोष्टी कळल्या नाहीत, त्या इथं कळाव्यात हा त्यामागचा हेतू. 'घरात वेगळ्या खोलीत राहा' असा सल्ला ज्यांनी फोनवरून दिला, त्यांतल्या कितीजणांना ठाऊक होतं की आपल्याकडे सात माणसांत दीड खोली असते?

म्हणून आमचं म्हणणं, त्यांना घरात घ्या. पण डोळे उघडे ठेवून. आधी नाव विचारा, कितव्या वर्षाला आहेस विचारा, सोबत शिक्षक कोण आहेत ते विचारा. चांगला शिकवलेला विद्यार्थी हे तुम्ही विचारायच्या आधी सांगतो आणि 'तुमची हरकत नाही ना' असंही विचारतो. तपासून बघू का म्हणाला आणि तुम्हाला नको असेल तर नको म्हणा. त्यामुळे तुमचे उपचार कुठंही अडत नाहीत आणि अडवले तर ते चूक आहे. बायकांच्या तपासणीला सोबत बाई पाहिजे म्हणून सांगायला लाजू नका. लिहून काय घेतोस आणि ते कोण वाचणार, हेही विचारा. पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलानं आपल्या मनानं औषध दिलं तर घेऊ नका, त्याच्या सरांना विचारा. फोटो काढायला लागला तर कशाला म्हणून थांबवा. साथीत वॉर्डातले फोटो काढून मोबाइलवर टाकणारे कमी नव्हते.

आणि एक करा. जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणून त्याला सांगा. 'काकू, हायपरटेन्शन आहे का' असं विचारलं तर 'बाळा, मराठीत सांग' म्हणा. आज तुमच्या ओट्यावर त्यानं बीपी म्हणायला शिकलं तर उद्या रात्री दोन वाजता वॉर्डात कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला त्याचं बोलणं कळेल. आमच्या एका आजींनी तर परवा एका मुलाला परत दाराबाहेर पाठवला, चप्पल काढून हाक मारून ये म्हणून. तो आला हाक मारून. मग आजींनी त्याला सगळं सांगितलं, गुडघ्यापासून सुनेपर्यंत.

पुढच्या मंगळवारी याच वेळेला त्यातल्याच दोन विद्यार्थिनी आणि त्यांच्या मॅडम आपल्या केंद्रावर येणार आहेत. त्यांना काय विचारायचं ते प्रत्येक गटानं बैठकीत ठरवा आणि सचिवांच्या वहीत लिहून ठेवा. आमची माणसं शनिवारी वह्या बघायला येतील. आत्याबाईंच्या ताई स्वतः स्टुडिओत येते म्हणाल्यात. त्या इंटर्न मुलीचा नंबर त्यांच्याकडे अजून आहे, फोन करावा की नाही ते त्यांचं ठरायचंय. नमस्कार.